चौथीच्या वाचनपुस्तिकेत मोर्चा असावा का?

करवंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. पाठ्यपुस्तकाच्या जोडीला मुलांना आपल्या परिसरातलं काहीतरी वाचायला हवं, म्हणून दरवर्षी एक छोटी पूरक वाचनपुस्तिका करते. टाइप करायचं, झेरॉक्स काढायच्या, मधोमध पिना मारायच्या. यंदाचा विषय 'पाणी, जंगल, जमीन'. पाण्यासाठी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह घेतला, जंगलासाठी चिपको, आणि जमिनीसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च.

पहिल्या दोन पाठांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्यावरून पालकसभा तापली. एक पालक म्हणाले, "मॅडम, पोरांना आधी पाढे येऊ द्या, मोर्चे आम्ही बघतो." दुसऱ्यांनी विचारलं, मोर्चात झेंडे कोणाचे होते ते का नाही लिहिलं? मुख्याध्यापकांनी तूर्त ते पान बाजूला ठेवायला सांगितलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत काय ते ठरेल.

पानात आहे ते असं. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून माणसं निघाली. कसारा घाट उतरून, शहापूर, ठाणे करत सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानावर पोचली. कसणाऱ्याला वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, पण पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन अजून नावावर नाही, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं. ११ तारखेला मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता. दिवसा रस्ते अडले तर मुलांचा पेपर बुडेल, म्हणून पायाला फोड आलेली ती माणसं रात्रीच उठून पुढे चालू लागली. खाली नकाशा, आणि एक गणित: १८० किलोमीटर सहा दिवसांत, तर रोज किती?

आमच्या परिपाठात रोज दिनविशेष वाचला जातो. २० मार्च, चवदार तळे. ९ ऑगस्ट, क्रांतिदिन. १२ डिसेंबर, हुतात्मा बाबू गेनू. मुलं नावं आणि तारखा घडाघडा म्हणतात. पण "त्यांना काय हवं होतं आणि नाही कोण म्हणत होतं?" असं विचारलं की वर्ग गप्प. १ मेला झेंडावंदन होतं, निकालपत्रक हातात पडतं आणि सगळे घरी. मुलांच्या मनात महाराष्ट्र म्हणजे कोणीतरी मंगल कलशातून आणून दिलेली गोष्ट. त्यासाठी १०६ माणसांचे जीव गेले, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, हे कळायला आठवीचा इतिहास उजाडतो. रस्ता, पाणी, शाळा, जमीन, सगळं वरून कोणीतरी देतं, अशी समजूत घेऊन मूल मोठं होतं. ही समजूत मला फार घातक वाटते, आणि ती आठवीपर्यंत पक्की होऊन गेलेली असते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. पान वाचून झालं तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "माझी आजी चालली होती. आमच्या दाव्याचे कागद अजून पेटीत आहेत." सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. त्याच वर्गात एका वनरक्षकाचा मुलगा आहे. मधल्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला आणि विचारलं, "बाई, मग माझे पप्पा वाईट आहेत का?"

मी त्याला जवळ बसवून समजावलं. पण पालकांच्या आक्षेपापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. तुमचं काय मत?

केळशीकर

चांगला विषय. माझा विरोध आहे आणि कारणं स्पष्ट सांगतो.

तो मोर्चा अखिल भारतीय किसान सभेने काढला होता आणि ती मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेली संघटना आहे. यात वावगं काही नाही, ज्याला जो पक्ष हवा तो धरावा. पण चौथीच्या पानावर त्याचा उल्लेख नाही, आणि फोटोत लाल झेंडे दिसणार. मूल विचारणारच. तुम्ही नाव सांगितलंत तर पक्षाचा प्रचार म्हणतील, न सांगितलंत तर लपवलंत म्हणतील.

दुसरं, तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी. १९६७चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेत. राजकारणापासून लांब राहायचं बंधन त्यात आहे. उद्या कोणी तक्रार केली तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल, हा धागा तिथे उपयोगी पडणार नाही.

आणि तिसरं तुम्हीच लिहिलंय. वनरक्षकाच्या मुलाच्या मनात तो प्रश्न आला, इथेच त्या पानाचा निकाल लागला असं मला वाटतं. नऊ वर्षांच्या पोराला बापाबद्दल शंका घ्यायला लावणारं साहित्य प्राथमिक शाळेत नको.

उंबरठा

केळशीकरांशी सहमत. शंभर वर्षांपूर्वीचं शिकवा, कालचं नको.

बोरीबाभळी

मी मराठवाड्यात शिक्षक आहे, पाचवीचा वर्ग. धागाकर्तीच्या कळकळीबद्दल आदर आहेच, पण आमच्याकडचं सांगतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आंतरवाली सराटीला लाठीमार झाला. त्यानंतर आमच्या भागात आरक्षणाचा विषय घराघरात शिरला. आंदोलनं झाली, प्रतिआंदोलनं झाली. माझ्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरची मुलं आहेत. जन्मापासून एका गल्लीत खेळलेली पोरं. तेव्हा एक दिवस बघतो तर बसायच्या जागा बदललेल्या. कोणी सांगितलं नव्हतं. घरात जे ऐकलं ते घेऊन आली होती. एकजण वहीच्या मागच्या पानावर घोषणा लिहीत होता, शेजारच्याने ते पान फाडलं, त्यावरून मारामारी.

मी तेव्हा वर्गात आंदोलनाचं नाव काढलं नाही. खो-खोचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडले, पोषण आहाराच्या पंगती हजेरीपटाच्या क्रमाने बसवल्या. कोणाचा हक्क खरा, हे पाचवीतल्या पोरांसमोर मांडायची ती वेळ नव्हती. कोणी म्हणेल पळ काढला. म्हणू द्या. मला ती पोरं पुन्हा एकत्र डबा खाताना बघायची होती.

तुमच्या लाँग मार्चचं तसं नाही हे मला कळतं. तिथे गावातली दोन घरं एकमेकांविरुद्ध उभी नव्हती, मागणी सरकारकडे होती. माझ्या दृष्टीने हा फरक सगळ्यात मोठा आहे. किती वर्षं झाली यापेक्षा, त्या आंदोलनाची दुसरी बाजू शेजारच्या बाकावर बसलीय का, हे आधी बघावं. आणि तुमच्याकडे ती थोडीफार बसली आहे.

सीमेवरची

बोरीबाभळी, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं.

मी बेळगावची. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकले. वर कोणी म्हणालंय की शंभर वर्षांपूर्वीचं शिकवा, कालचं नको. आमच्याकडे १९५६ अजून काल आहे. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव, त्याच दिवशी घरचे काळा दिन पाळायला फेरीत. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आजोबा मला खांद्यावर घेऊन जायचे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ म्हणजे जिंकून संपलेली गोष्ट, आणि आम्हाला ती रोजच्या पाट्यांवर दिसते.

शाळेत यातलं काही बोललं जायचं नाही. गुरुजी बिचारे दोन्हीकडून अडकलेले. पण गप्प राहिल्याने मुलं निष्पक्ष होत नाहीत, एवढं मी अनुभवाने सांगू शकते. आम्ही सगळं घरात आणि गल्लीत शिकलो, आणि तिथे एकच बाजू होती. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीच्या घरी या सगळ्याबद्दल काय बोलतात, हे मला कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा कळलं. शाळेत कोणी शांतपणे दोन्ही बाजू सांगितल्या असत्या तर मला हव्या होत्या. तिसरीत नाही, पण पाचवीत नक्की.

करवंद, पान काढू नका.

मांडवीतीर

गोव्यातून. आमच्याकडे १९६७चा जनमत कौल असाच विषय. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं, अशी चिन्हं होती. एकाच घरात दोन्हींना मतं पडलेली घरं मी पाहिली आहेत. माझ्या मुलीला शाळेत १८ जून शिकवतात, १९४६ मध्ये लोहियांनी मडगावला सभा घेतली तो दिवस. ते सगळ्यांना चालतं, कारण समोर पोर्तुगीज होते. जनमत कौलाचं नाव निघालं की मोठी माणसं आजही आवाज चढवतात. बोरीबाभळींनी सांगितलेला फरक मला अगदी पटला.

नेकारकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. इथून जवळच बॉयटेल्सबाख म्हणून गाव आहे. १९७६ मध्ये तिथे वेगवेगळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते. शाळेत राजकारण शिकवायचं तर कसं, यावर त्यांच्यात जे ठरलं ते इथले शिक्षक अजून प्रमाण मानतात. आपल्या चर्चेला ते फार उपयोगी आहे म्हणून लिहिते.

शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही, त्याला स्वतःचं मत बनवायला वाव ठेवायचा. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं, एकमत असल्यासारखं नाही. आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखता आलं पाहिजे, त्यासाठी काय करता येईल हेही कळलं पाहिजे.

यात वाद टाळा असं कुठेही नाही. हिटलरच्या काळात शाळांचा प्रचारासाठी कसा वापर झाला ते बघितलेल्या देशाने हे ठरवलं, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

करवंद, तुमचं पान यावर लावून बघा. मतं लादली आहेत का? माझ्या मते नाही. वाद वादासारखा मांडलाय का? इथे मात्र पान कमी पडतंय. चालणारे दिसतात, ज्यांच्याकडे चालत गेले ते दिसत नाहीत. वनखातं नाही म्हणतं ते का, हे त्यात हवं. तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

पिंपळपार

पाठ्यपुस्तकांच्या कामाशी माझा बरीच वर्षं संबंध होता, म्हणून थोडं.

आंदोलनं पुस्तकात नसतात असं नाही. राज्याच्या आठवीच्या इतिहासात महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीवर प्रकरण आहे, दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक आणि राजकीय चळवळींवर प्रकरण आहे. एनसीईआरटीच्या सातवीच्या पुस्तकात तवा मत्स्य संघावर धडा होता. मध्य प्रदेशात तवा धरणाने गावं उठवली, आणि त्या लोकांनी संघटित होऊन धरणाच्या पाण्यात मासेमारी करायचा हक्क मिळवला. सुंदर धडा होता. २०२२च्या कपातीत गेला. बारावीतलं जनआंदोलनांचं प्रकरणही त्याच फेरीत गेलं. मुलांवरचं ओझं कमी करायचं हे कारण दिलं गेलं. ओझं कमी करताना नेमकी हीच पानं हाताला लागावीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्राथमिक स्तरासाठी एक नमुना सांगतो. एनसीईआरटीच्या पाचवीच्या जुन्या परिसर अभ्यासात जात्र्याभाईची गोष्ट होती. धरणामुळे त्याचं गाव सुटतं, नव्या ठिकाणी निभाव लागत नाही, शेवटी कुटुंब मुंबईला येतं. एक घर, एक बाप, त्याची पोरं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. आकडे, कायदे, पक्ष यांची त्याला गरज नसते, पण अन्याय झाला की नाही हे ते लगेच सांगतं. खेळात कोणी चिडीचा डाव खेळलं तर सगळ्यात आधी तेच ओरडतं.

चवदार तळ्याचं पानही एकदा तपासून घ्या, करवंद. बहुतेक ठिकाणी ओंजळीने पाणी प्यायले इथे पाठ संपतो. पुढे परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी ओतल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. म्हणजे सत्याग्रहानंतर दहा वर्षं. त्याआधी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव कायदेमंडळात झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही झाला होता. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हतं. २००६च्या कायद्याचं आणि तुमच्या त्या आजींच्या पेटीतल्या कागदांचं तेच झालंय. हे दोन पाठ शेजारी ठेवलेत तर मुलं दुवा आपणच जोडतील.

शिवनेरी_न्यूजर्सी

इकडचं थोडक्यात. रुबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत गेली तेव्हा सहा वर्षांची होती. सोबत सरकारी मार्शल, दाराबाहेर ओरडणारा जमाव. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली आणि वर्षभर एका शिक्षिकेने तिला एकटीला शिकवलं. २०२१ मध्ये टेनेसीतल्या एका काउंटीत पालकांच्या गटाने दुसरीच्या अभ्यासातल्या तिच्यावरच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार केली. ओरडणाऱ्या जमावाचं चित्र बघून आमच्या मुलांना अपराधी वाटेल, हा त्यातला एक सूर.

म्हणजे साठ वर्षं उलटली तरी वाद आहेच. आणि जे तिने सहाव्या वर्षी सोसलं, ते सात वर्षांच्या मुलांना वाचायला जड जाईल हे मला पटत नाही.

करवंद

सगळ्यांचे मनापासून आभार.

केळशीकर, नियमांची आठवण दिलीत ते बरं झालं. पुस्तिकेच्या सर्व पानांवर केंद्रप्रमुखांची सही आधीच घेतली आहे. पक्षाच्या नावाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मोर्चा कोणी काढला ते एका ओळीत लिहीन, तेव्हा राज्यात सरकार कोणाचं होतं तेही लिहीन. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पण त्या मुलाच्या प्रश्नावरून पान रद्द करावं, हे मला मान्य नाही. तो प्रश्न त्याच्या मनात पुस्तिकेने घातलेला नाही. गावात गुरं अडवली, लाकडं जप्त केली, की त्याच्या वडिलांबद्दल लोक काय बोलतात ते तो रोज ऐकतो. शाळेत पहिल्यांदा त्याला ते कोणाला तरी विचारता आलं. मी त्याला सांगितलं, तुझे पप्पा जंगल राखतात, तेही हवंच. कायदा पप्पांनी केलेला नाही, आणि आजींनाही पप्पांशी भांडायचं नव्हतं, म्हणून तर त्या मुंबईला गेल्या. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "पप्पांना पण खूप चालावं लागतं." दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आणि तो मिळून नकाशा रंगवत होते. रेल्वे काळी, घाट हिरवा, असं त्यांचं त्यांनी ठरवलं.

नेकारकाठ, वनखात्याची बाजू हवीच. पिंपळपार, दोन्ही पाठ समोरासमोर छापते.

एक गोष्ट मात्र पक्की. वर्गात कोणी घोषणा म्हणणार नाही, फलक रंगवणार नाही, कुठल्या मागणीसाठी हात वर करणार नाही. प्रभातफेरी काढून मुलांच्या तोंडी मोठ्यांची वाक्यं घालायची आपल्याला इतकी सवय आहे, की आंदोलन शिकवणं म्हणजे आंदोलन करवून घेणं असं लोकांना वाटतं. मला ते मुळीच करायचं नाही.

बोरीबाभळी

हे पटलं. एक सूचना. पान १२ मार्चला संपवू नका. सरकारने लेखी आश्वासन दिलं, दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणाले, लोकांना परत पाठवायला खास गाड्या सोडल्या. तिथे थांबलात तर मुलांना वाटेल चाललं की मिळतं. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला, तो वाशिंदला थांबला. त्यातही वनजमिनीची मागणी होतीच. हे लिहा. पेटीतले कागद अजून पेटीतच का, हे त्या पोरीलाच विचारायचंय.

उंबरठा

पण मग मुलांना निराशा नाही का येणार? एवढं चालून काही झालं नाही, हे चौथीत कशाला?

सीमेवरची

काही झालं नाही असं कुठे आहे? काही जणांना जमिनीचे पट्टे मिळालेत, काहींना नाही. दोन्ही घरची मुलं त्या वर्गात असतील. त्यांना खरं माहीत आहे, पुस्तिकेला माहीत नसेल तर पुस्तिकेवरचा विश्वास उडेल.

केळशीकर

माझा विरोध कायम आहे. चौथीऐवजी सहावी-सातवीत घ्या, तिथे नागरिकशास्त्र वेगळं असतं, असं समितीला सुचवावं. पण छापणारच असाल तर वनखात्याची बाजू ऐकीव नको. माझे मावसभाऊ वनपाल म्हणून निवृत्त झाले. कायद्याला लागणारा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा जमिनीवरचा ताबा कसा तपासतात, ग्रामसभेकडून आलेला दावा उपविभागीय समितीत का अडकतो, मागितलं त्यापेक्षा क्षेत्र कमी का मंजूर होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. वणव्याच्या दिवसांत रात्र-रात्र जंगलात काढल्याचंही ते सांगतील. त्यांच्याकडून मुलांना कळेल अशा भाषेत दोन परिच्छेद लिहून घेतो. बैठक कधी आहे आणि किती शब्दांत हवंय ते कळवा.